आधी षड्ज, मग इक्वलायझर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुख्यतः एकच काम केलं. ते जवारी लावत. मिरजेत वाढलेल्यांना हे काम समजावून सांगायला नको, पण संगणकावर ध्वनिमुद्रण करणारी तरुण मंडळी आज पुण्या-मुंबईहून आलेली दिसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसली तरी तिला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती या उताराला घासत कंप पावते आणि त्यातून स्वयंभू स्वरांची रांग उठते. कानशीने घोडीचा माथा केसभर खाली घेतला किंवा तारेखालचा दोरा जरासा सरकवला, की तार तीच, स्वर तोच, पण नाद बदलतो. दोरा एका जागी असला की आवाज बसका, थोडा सरकला की खुला, आणखी सरकला की करकरीत.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर नियमाप्रमाणे ऐकूच यायला नको. तानपुऱ्यात मात्र तो येतो, आणि त्याचं कारण या घोडीच्या बनावटीत आहे, हे त्यांनी दाखवलं. जगाच्या भौतिकशास्त्रात ही नोंद झाली त्याच्या कितीतरी आधीपासून या गावातल्या कारागिरांचे हात ते करत होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हे हात आहेत.

मला आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे, तो इक्वलायझर, जवळपास हेच काम विजेने करतो. मूळ स्वर जिथल्या तिथे ठेवून त्याच्या अंगाखांद्यावरच्या उपस्वरांचं माप तो कमी-जास्त करतो. फरक एका गोष्टीत आहे. जवारी लावणारा कारागीर हातात कानस घेण्यापूर्वी विचारतो, तानपुरा बाईंचा की बुवांचा? पट्टी कुठली? पंचम लावणार की मध्यम? हे कळल्याशिवाय तो घोडीला हात लावत नाही. ध्वनिमुद्रण करणारे आपण मात्र हा प्रश्न न विचारता नॉब फिरवतो. आपल्या संगीतात इक्वलायझर फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

हे यंत्र आलं कुठून, ते थोडं पाहू. दूरध्वनीची तार लांब झाली की तिच्यातून जाताना वरची आवर्तनं जास्त क्षीण होत आणि पलीकडचा आवाज चोंदल्यासारखा ऐकू येई. ती तूट भरून काढण्यासाठी मंडलं बनवली गेली. पुढे ती नभोवाणीत गेली, १९३० च्या दशकात बोलपटांच्या स्टुडिओत गेली. १९५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या पल्टेक कंपनीचा प्रसिद्ध इक्वलायझर आला, १९७० मध्ये इंग्लंडमधल्या नीव्ह कंपनीचा १०७३ आला. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवरचा आपला निबंध मांडला. त्यानंतर कुठल्या आवर्तनाला हात लावायचा, किती रुंद पट्टा धरायचा आणि किती चढवायचं किंवा उतरवायचं, या तिन्ही गोष्टी ध्वनिमुद्रकाला सुट्या सुट्या ठरवता येऊ लागल्या. आज फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हे सगळं असतं. नीव्हच्या १०७३ मध्ये मधल्या पट्ट्यासाठी फक्त सहा ठरलेली आवर्तनं होती, ३६० पासून ७२०० हर्ट्झपर्यंत. एवढ्यावर लोकांनी उत्तम ध्वनिमुद्रणं केली. सोयी वाढल्या म्हणून कान वाढला असं होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. नवा मुलगा मिक्सिंग शिकायला लागला की त्याच्या हातात एक तक्ता पडतो. अडीचशे ते साडेतीनशे हर्ट्झ म्हणजे चिखल, तो काढा. पुरुषाचा आवाज असेल तर शंभरच्या खालचं कापा. तीन हजारावर स्पष्टता आहे, ती चढवा. बारा हजारावर हवा आहे, ती सोडा. हा तक्ता खोटा नाही. ड्रम, बास गिटार, दोन इलेक्ट्रिक गिटारी आणि एक गायक अशा संगीतातून अनुभवाने तो तयार झाला आहे. तिथे स्वरस्थान गाण्यागणिक बदलतं, गाण्याच्या आतही बदलतं, आणि प्रत्येक वाद्याला आपापली जागा करून द्यावी लागते. आपल्याकडे बैठक सुरू झाली की षड्ज हलत नाही. तानपुरा, तबला, पेटी, सारंगी, गळा, सगळे त्या एका स्वराभोवती मिळवलेले. म्हणून इथे कुठल्या आवर्तनात काय आहे हे छापील तक्ता सांगू शकत नाही, गायकाची पट्टी सांगू शकते.

उदाहरण घेऊ. बुवा काळी एकमध्ये गातात. त्यांचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा. तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३ हर्ट्झ. या खर्जाचे उपस्वर म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे चढत जातात. दुप्पट हा षड्ज, तिप्पट हा पंचम, चौपट पुन्हा षड्ज, आणि पाचपट हा गंधार. उत्तम मिळालेल्या तानपुऱ्यात खर्जातून गंधार बोलतो असं आपण म्हणतो, तो हा गंधार. त्याचं पहिलं स्थान कुठे येतं? ६९.३ ला पाचाने गुणा. ३४६.५ हर्ट्झ. पहिली तार मंद्र पंचमाची, १०३.९ हर्ट्झ. तिच्या तिप्पट गेलं की ३११.८, म्हणजे रिषभ. बुवांच्या तानपुऱ्याचे स्वयंभू रिषभ आणि गंधार दोन्ही या तीनशे ते साडेतीनशेच्या पट्ट्यात पहिल्यांदा उमटतात. तक्ता ज्याला चिखल म्हणतो, तो पट्टा हाच.

मुलगा निष्ठेने ३५० वर चार डेसिबल उतरवतो. पट्टा एका सप्तकाचा रुंद असेल तर त्याची झळ २५० पासून ४९५ पर्यंत पोचते. तानपुरा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो, कारण वरची झिलई आता मोकळी ऐकू येते. पण त्याच्या पोटातला गंधार आणि रिषभ दोन्ही गेले. गायकाने हेडफोन लावून गायला सुरुवात केली की त्याला स्वर लावायला आधार मिळत नाही, तो तानपुरा पुन्हा पुन्हा मोठा करायला सांगतो, आणि आत बसलेल्याला कळत नाही की आवाज पुरेसा असताना हे असं का मागतात.

आता बाईंचं घेऊ. त्या काळी पाचमध्ये गातात. मध्य षड्ज २३३ हर्ट्झ, खर्ज ११६.५. त्यांचा स्वयंभू गंधार ५८३ च्या आसपास आहे. आणि ३५० वर काय आहे? ११६.५ ला तिनाने गुणलं तर ३४९.५, म्हणजे पंचम. एकाच आकड्यावर बुवांचा गंधार आणि बाईंचा पंचम. बुवांसाठी जतन करून ठेवलेली सेटिंग बाईंच्या ध्वनिमुद्रणाला लावली तर ती दुसऱ्याच स्वराला जाऊन लागते. म्हणून मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगतो, सत्राच्या कागदावर गायकाचं नाव लिहिलं की त्याच्या शेजारी पट्टी लिहा, पट्टीखाली खर्जाचं आवर्तन लिहा आणि त्याखाली दुप्पट ते आठपटीपर्यंतचे आकडे मांडा. हे गणित दोन मिनिटांत होतं. मग पडद्यावरच्या आलेखात जो उंचवटा दिसतो तो दोष आहे की स्वर, हे ओळखता येतं.

मग खरंच तानपुऱ्यात घुम असेल तर काय करायचं? ती असतेच, विशेषतः मायक्रोफोन भोपळ्याच्या तोंडाशी लावला तर. काळी एकच्या तानपुऱ्यात २०८ वर पंचम आहे आणि २७७ वर षड्ज. या दोहोंच्या मध्ये, २४० च्या आसपास, कुठलाच ठळक उपस्वर नाही. तिथे अरुंद पट्टा धरून, म्हणजे पट्ट्याच्या अरुंदपणाचं माप असलेला क्यू चारच्या जवळपास ठेवून, दोन-तीन डेसिबल उतरवले तर घुम हलकी होते आणि स्वयंभू स्वरांना धक्का लागत नाही. हे फक्त तानपुऱ्याच्या ट्रॅकवर करायचं. गळ्याच्या ट्रॅकवर त्याच जागी धैवत आणि निषाद गायले जातात.

मध्यंतरी एका तरुणाने विचारलं होतं, मालकंसात कोमल गंधार असतो, मग खर्जातून येणारा शुद्ध गंधार इक्वलायझरने काढून टाकावा का? माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं होतं आणि आहे. ज्या गायकाने त्या शुद्ध गंधाराच्या सावलीत कोमल गंधार लावण्याची वर्षानुवर्षं साधना केली, त्याच्या पायाखालून ती सावली काढून घेणं हा आपला अधिकार नव्हे.

लो-कट हा दुसरा विषय. बहुतेक चांगल्या मायक्रोफोनवर खालची आवर्तनं कापण्याचं एक बटण असतं, साधारण ७५, ८० किंवा १०० हर्ट्झवर. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या ट्रकची धडधड, स्टँडला लागलेला पाय या सगळ्यावर ते उत्तम. बाईंच्या आवाजाला शंभरचा लो-कट काहीच करत नाही, कारण त्यांचा मंद्र पंचम १७५ वर आहे. बुवांचा मंद्र पंचम १०४ वर आणि मंद्र षड्ज ६९ वर. बुवा तोडी किंवा दरबारी घेऊन बसले आणि मंद्रात उतरले, तर हे बटण त्यांच्या आलापाचा पायाच खातं. ऐकणाऱ्याला वाटतं, बुवांचा आता मंद्राचा आवाज राहिला नाही. गळ्याचा दोष नसताना तो त्याच्या माथी मारला जातो. या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी गायकाला मंद्र षड्ज लावायला सांगा आणि तो बटण दाबून व न दाबता ऐका.

पण इक्वलायझरचं निम्म्याहून अधिक काम नॉबला हात न लावता होतं, आणि व्याख्यानांत या भागाला नेहमी कमी वेळ मिळतो. दिशात्मक मायक्रोफोन तोंडाच्या वीतभर अंतरावर आणला की खालची आवर्तनं फुगतात. हा मायक्रोफोनचा स्वभाव आहे. तो फुगवटा नॉबने उतरवण्यापेक्षा मायक्रोफोन आणखी वीतभर मागे घ्या. शिवाय जवळून धरलेला मायक्रोफोन गायकाने मान हलवली की दर वेळी वेगळा नाद पकडतो, आणि आपले गायक मान हलवतात, हात हलवतात, समेला पुढे झुकतात. एका जागी बसवलेला इक्वलायझर हलत्या गळ्याला कसा पुरेल?

दोन मायक्रोफोनचा प्रश्न याहून बिकट. तबल्याचा आवाज तबल्याच्या मायक्रोफोनमध्ये आधी पोचतो आणि गायकाच्या मायक्रोफोनमध्ये थोडा उशिरा. हा फरक एक मिलिसेकंदाचा, म्हणजे सुमारे ३४ सेंटीमीटरच्या वाटेचा असला, तर दोन्ही आवाज एकत्र केल्यावर ५०० हर्ट्झवर खड्डा पडतो, मग १५०० वर, मग २५०० वर, असे ओळीने. ऐकायला तबला पोकळ, डब्यात वाजवल्यासारखा लागतो. हा खड्डा दोन लहरी एकमेकींना खोडून टाकल्यामुळे पडलेला असतो. तिथे सहा डेसिबल चढवले तरी शून्याला सहा डेसिबल चढतात. उपाय एकच, मायक्रोफोनची जागा बदलणं. गायकापासून तबलजीला हातभर दूर बसवणं हा मी केलेल्या सगळ्या इक्वलायझिंगपैकी सगळ्यात परिणामकारक प्रकार आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

भजनाच्या ध्वनिमुद्रणात हे फार जाणवतं. वारकरी भजनात टाळांचा आवाज वरच्या आवर्तनांत इतका प्रखर असतो की तो बुवांच्या मायक्रोफोनमध्ये भरपूर येतो. शब्द स्पष्ट व्हावेत म्हणून बुवांच्या ट्रॅकवर चार-पाच हजार हर्ट्झ चढवलं, की शब्दांच्या आधी टाळ चढतात. टाळ कमी व्हावेत म्हणून टाळांचा फेडर खाली ओढला तर काही फरक पडत नाही, कारण ते आता बुवांच्याच ट्रॅकमधून येताहेत. इक्वलायझर मायक्रोफोनने जे जे ऐकलं त्या सगळ्यावर चालतो, आपल्या मनात जे आहे त्यावर चालत नाही. टाळकऱ्यांना दोन पावलं मागे आणि बुवांच्या मायक्रोफोनच्या पाठीकडे उभं करा. तिथे मायक्रोफोनला कमी ऐकू येतं. भजनाचा गजर मात्र टाळांशिवाय होत नाही, म्हणून त्यांना इतकं दूर नेऊ नका की ते दुसऱ्या देवळात वाजताहेत असं वाटेल.

तबल्याकडे येऊ. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी बेसूर असतात. त्यामुळे ढोलाला ठाशीव स्वर नसतो. आपल्या पूर्वजांनी कातड्याच्या मध्यावर शाई चढवली आणि हे बेसूर उपस्वर एका रांगेत आणले. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर हे मांडलं. तबला चाटेवर स्वरात बोलतो तो या रांगेमुळे, आणि तो स्वर बहुतेक वेळा गायकाचा षड्ज असतो. म्हणजे तबल्याचे, तानपुऱ्याचे आणि गळ्याचे उपस्वर एकाच शिडीच्या पायऱ्यांवर बसलेले आहेत. पाश्चात्त्य मिक्सिंगचा धडा सांगतो की दोन वाद्यं एकाच आवर्तनात आली तर एकाला तिथे कापा. इथे ती एकाच आवर्तनात यावीत म्हणून वादकाने अर्धा तास हातोडीने गट्टे ठोकलेले असतात. तो सुसंवाद म्हणजे टक्कर नव्हे. तबल्याच्या ट्रॅकवर षड्जाच्या आवर्तनाला अरुंद खड्डा पाडलात तर तबला बेसूर वाटायला लागतो, आणि दोष तबलजीवर येतो. तबल्याचा किनरेपणा त्रास देत असेल तर तो बराच वर, तीन-चार हजारांच्या पुढे, बोटाच्या आघातात शोधा.

डग्ग्याचं दुखणं वेगळं आहे. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर घुमारा सुरेख येतो, आणि तेच गाणं मोबाईलवर लावलं की डग्गा नाहीसा होतो. मोबाईलचा स्पीकर एवढासा, त्यातून शंभर हर्ट्झ निघतच नाही. लोक घाबरून ऐंशीवर सहा डेसिबल चढवतात. मोबाईलवर तरीही काही येत नाही आणि मोटारीत मात्र काच थरथरते. आपल्या कानाला एक देणगी आहे. मूळ स्वर गायब असला तरी त्याचे वरचे उपस्वर नीट ऐकू आले तर मेंदू मूळ स्वर स्वतः उभा करतो. म्हणून डग्ग्याचे दोनशे ते चारशेमधले उपस्वर हलकेच पुढे आणा. मनगटाने घासून काढलेली मींड तिथेच कळते, आणि छोट्या स्पीकरवर डग्गा परत येतो.

पेटी आणि गळा यांच्यात मात्र खरोखरची टक्कर असते. पेटी गायकाच्या मागोमाग तीच ओळ वाजवते, आणि तिच्या रीडचे उपस्वर दोन-तीन हजारांत भरगच्च असतात. गळ्याची धार आणि शब्दांची स्पष्टता याच पट्ट्यात असते. गायक बुडाला असं वाटलं की हात गायकाच्या नॉबकडे जातो आणि तीन हजार चढतं. मग पेटीवाला थोडा जोरात वाजवतो, पुन्हा नॉब चढतो, आणि तासाभराने गळा पत्र्यासारखा वाजायला लागतो. त्याऐवजी पेटीच्या ट्रॅकवर दोन-अडीच हजारांभोवती रुंद पट्ट्याने दोन डेसिबल उतरवा आणि गळ्याला हात लावू नका. कुणाला तरी पुढे आणायचं असेल तर शेजारच्याला थोडं मागे सरकायला सांगावं. कापायचं ते अरुंद पट्ट्याने आणि चढवायचं ते रुंद पट्ट्याने, असा प्रघात आहे. तो बहुतांशी बरोबर आहे. पण पेटीसारख्या ठिकाणी रुंद पट्टाच कापावा लागतो, कारण तिथे एखादा दोष नसतो, एक सबंध पेठ भरलेली असते.

शब्दांबद्दल थोडं बोलतो, कारण मराठी माणूस गाण्यात आधी शब्द ऐकतो. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित झालं. मध्यम लहरींवरून घरच्या रेडिओपर्यंत पोचताना वरचं जवळपास सगळं, साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या पुढचं, गळून जात असे. तरी महाराष्ट्राने त्यातला शब्द न् शब्द ऐकला. दूरध्वनी तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्यावरच चालत आला आणि त्यावर लोकांनी लग्नं ठरवली. अर्थ एक हजार ते चार हजारांत असतो. बारा हजारांची जी हवा आपण हौसेने चढवतो तिने चकाकी येते, अर्थ येत नाही.

आणि तिथे एक अडचणही उभी राहते. ‘स’ची धार पाच ते आठ हजारांत असते. मराठीत तिच्या जोडीला दंत्य ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ आहेत. ‘चमचा’, ‘जाऊ’, ‘झाड’ हे शब्द उच्चारून पाहा, दातांमागून निघणारा वारा ऐकू येईल. वरची हवा चढवली की हे वर्ण शिट्टीसारखे टोचतात. मग ते दाबायला दुसरं यंत्र लावलं जातं आणि ते जास्त लागलं की गायिका बोबडी होते. आधी चढवायचं, मग दाबायचं, हे दुहेरी नुकसान टाळता येतं. मायक्रोफोन ओठांच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला, हनुवटीच्या किंवा कपाळाच्या रेषेत वळवला की दातांचा वारा थेट आत शिरत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांचा जीर्णोद्धार करणारे काही जण इथे आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. तबकडी कापताना खालची आवर्तनं मुद्दाम दाबतात आणि वरची चढवतात, वाजवताना त्याच्या नेमकं उलट करतात. एलपीसाठी १९५४ मध्ये ठरलेला आरआयएए वक्र हा या देवाणघेवाणीचा करार आहे. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या वेगवेगळ्या वक्रांवर कापलेल्या असत, आणि १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्यांना विजेचा वक्रच नव्हता. बालगंधर्वांची ७८ ची तबकडी आजच्या एलपीच्या प्रीॲम्प्लिफायरवर जशीच्या तशी वाजवून जो आवाज मिळतो तो बालगंधर्वांचा नसतो. आधी वक्र सोडवा, मग आवड-निवड.

बोलपटांचंही तसंच. १९३८ च्या अकादमी वक्रानुसार चित्रपटगृहात आठ हजार हर्ट्झवर आवाज सुमारे १८ डेसिबल उतरलेला असे, कारण प्रकाशपट्टीचा खरखराट झाकायचा असे. ही गळती माहीत असलेले ध्वनिमुद्रक आवाज मुळातच थोडा उजळ ठेवत. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई जे मिश्रण करत ते त्या पडद्यामागच्या स्पीकरसाठी, त्या प्रेक्षागृहासाठी. त्या काळची गाणी आज उत्तम हेडफोनवर किनरी लागली तर गायिकेला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आता घरच्या स्टुडिओबद्दल, कारण आज बहुतेकांची कामं तिथे होतात. दहा बाय बारा फुटांची खोली असते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये लहर अडकते, दहा फुटांत ती सुमारे ५६ हर्ट्झवर, बारा फुटांत ४७ वर, आणि त्यांच्या दुपटी-तिपटींवर. ११२ वर तुमची खोली स्वतः गात असेल, तर काळी पाचचा खर्ज तुम्हाला नेहमी जास्त वाटणार आणि तुम्ही तो प्रत्येक वेळी उतरवणार. तो उतरवलेला खर्ज मग ज्यांच्या खोल्या गात नाहीत त्यांच्या घरी रिकामा वाजतो. खोलीत फिरून ऐका, कोपऱ्यात ऐका, दारात उभं राहून ऐका, हेडफोनवर ऐका. चारही ठिकाणी जे खटकतं त्यालाच हात लावा.

मोठ्या आवाजात ऐकून निर्णय घेऊ नका. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी झाला की कानाला खालची आवर्तनं जास्त वेगाने कमी ऐकू येतात. मोठ्याने ऐकत खर्ज जुळवला तर हळू ऐकणाऱ्याच्या घरी तो पातळ होतो. शिवाय चढवलेलं काहीही आधी चांगलंच वाटतं. तीन डेसिबल हवा चढवली, बटण दाबून आधीचं आणि नंतरचं ताडून पाहिलं, नंतरचं आवडलं, तर त्यातली अर्धी आवड फक्त आवाज मोठा झाल्याची असते. दोन्हींची पातळी सारखी करा आणि मग पुन्हा ताडून पाहा. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हे करायला लावतो तेव्हा चढवलेल्या नॉबपैकी बरेच पुन्हा मधोमध येतात. आणि वय वाढतं तसं वरचं ऐकू येणं कमी होत जातं, हे साठीच्या पुढच्या प्रत्येक ध्वनिमुद्रकाने स्वीकारावं. बारा हजारांचा निर्णय घेताना शेजारी विशीतला सहायक असावा आणि त्याचं म्हणणं मानावं.

बोलणं इथे थांबवतो, कारण पुढचं कानांनीच करायचं आहे. याच गावात तयार झालेले दोन तानपुरे, एक काळी एकचा आणि एक काळी पाचचा, काल संध्याकाळी मी एकाच खोलीत, एकाच मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित केले आहेत. प्रत्येकाचे तीन तुकडे ऐकवेन. पहिला हात न लावलेला, दुसरा तक्त्याप्रमाणे ३५० वर उतरवलेला, तिसरा षड्जाच्या गणिताने. तिन्हींची पातळी सारखी ठेवली आहे, त्यामुळे मोठं-लहान याकडे लक्ष देऊ नका. पहिल्या तानपुऱ्यात गंधार शोधा आणि दुसऱ्यात पंचम. मागच्या रांगांतल्यांनी मधल्या वाटेजवळ यावं, भिंतीलगत खर्ज फुगतो. सतारमेकर मंडळींना विनंती आहे की जवारीत काही कमी-जास्त वाटलं तर तिथल्या तिथे सांगावं, मी तो तुकडा पुन्हा लावेन.